फेसबुक इंटरनेटवरून नाहीसं झालं ती रात्र

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. त्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर एकाच क्षणी बंद पडली आणि जवळपास सहा तास बंद राहिली. कोणी हल्ला केला नव्हता, कुठे आग लागली नव्हती. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेली एक चुकीची आज्ञा पुरेशी ठरली. पण तिन्ही ॲप एकदम का गेली, याचं उत्तर त्या आज्ञेत मिळत नाही. त्यासाठी त्या दिवसाच्या पहाटेपासून सुरुवात करावी लागते, आणि मधूनमधून आधीच्या नऊ वर्षांतही डोकवावं लागतं. सगळ्या वेळा भारतीय आहेत.

पहाटे साडेचारच्या सुमारास

अमेरिकेत रविवारची संध्याकाळ. सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’मध्ये फेसबुकची माजी प्रॉडक्ट मॅनेजर फ्रान्सेस हाउगेन पहिल्यांदाच स्वतःच्या नावानिशी लोकांपुढे आली. नोकरी सोडताना तिने कंपनीची हजारो अंतर्गत कागदपत्रं सोबत नेली होती. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ सप्टेंबरपासून त्यांच्या आधारे लेखमाला छापत होतं. ती पुरवणारी व्यक्ती कोण, एवढंच बाहेर आलं नव्हतं. मंगळवारी सिनेटच्या समितीपुढे तिची साक्ष होती. सोमवार उजाडला तेव्हा कंपनीचं सगळं लक्ष या एका बातमीकडे होतं.

सकाळ, महाराष्ट्र

इकडे त्याच सकाळी शाळा उघडल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावीचे वर्ग, कोविडमुळे पडलेल्या दीड वर्षाच्या खंडानंतर. त्या दीड वर्षात बहुतेक गावांत शाळा म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. बाईंनी पाठवलेली पीडीएफ, वहीच्या पानांचे फोटो, आवाजात रेकॉर्ड केलेली कविता. ऑगस्टपासून लसीचं प्रमाणपत्रसुद्धा सरकारच्या हेल्पडेस्कवरून व्हॉट्सॲपवर मिळू लागलं होतं. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. फराळ, फुलं, साड्या विकणाऱ्या घरगुती व्यावसायिकांच्या ऑर्डरी, फोटो आणि पत्ते याच ॲपमधून ये-जा करत होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची संख्या ५३ कोटी सांगितली होती. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला, आणि लगेच नवी मुंबई, ठाणे व कल्याणमध्ये जिओमार्टची व्हॉट्सॲपवरून वाणसामान मागवण्याची चाचणी सुरू झाली. गल्लीतला किराणा दुकानदार आणि त्याचं गिऱ्हाईक यांच्या मधली जागा कंपनीला हवी होती. बऱ्याच ठिकाणी ती तिला आधीच मिळालेली होती, फुकट.

संध्याकाळी ७

न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला. त्या दिवशी तंत्रज्ञान कंपन्यांचे बहुतेक शेअर घसरत होते, फेसबुकचाही.

त्याच सोमवारी वॉशिंग्टनच्या न्यायालयात फेसबुकच्या वकिलांनी एक अर्ज दाखल केला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२० मध्ये कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. जूनमध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी तक्रार अपुरी म्हणून फेटाळली, ऑगस्टमध्ये कमिशन सुधारित तक्रार घेऊन परत आलं. ती तक्रारही फेटाळा, मक्तेदारीचा आरोप निराधार आहे, असं कंपनीचं म्हणणं.

या खटल्यात काय पणाला लागलं होतं? एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे जेमतेम तेरा माणसं कामाला होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. मार्क झुकरबर्ग यांचा २००८ चा एक ईमेल कमिशनने तक्रारीत लावला होता. स्पर्धा करत बसण्यापेक्षा विकत घेणं बरं, असा त्याचा आशय. कमिशनचा आरोप थोडक्यात हाच होता की फेसबुकने आपले उद्याचे प्रतिस्पर्धी कालच विकत घेऊन टाकले. मागणी होती ती या दोन्ही कंपन्या पुन्हा वेगळ्या करण्याची.

वेगळं करणं मात्र दर वर्षी अवघड होत चाललं होतं. व्हॉट्सॲप विकत घेताना, दोन्हींकडची खाती आपोआप जुळवणं आम्हाला खात्रीने जमणार नाही, असं फेसबुकने युरोपियन कमिशनला सांगितलं होतं. ते जमण्यासारखं होतं आणि कंपनीतल्या लोकांना ते २०१४ मध्येच ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढून कमिशनने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. त्याच सुमारास व्हॉट्सॲपला आयबीएमच्या सर्व्हरवरून हलवून फेसबुकच्या डेटा सेंटरमध्ये आणायचं काम हाती घेतलं गेलं. २०१९ च्या सुरुवातीला तिन्ही ॲपमधल्या मेसेजची यंत्रणा खालून एक करण्याचा झुकरबर्ग यांचा बेत बाहेर आला. सप्टेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्राम आणि मेसेंजर एकमेकांना जोडले गेले.

खर्च वाचतो, सुरक्षितता वाढते, ही कारणं खोटी नव्हती. पण त्याच काळात खटल्याची चाहूल लागलेली होती, आणि तिन्ही व्यवसाय आतून एकजीव झाले की न्यायालयाला ते तोडणं जड जाईल, हा हिशोब अनेक टीकाकारांनी तेव्हाच मांडला होता. मला तो पटतो. विकत घेणं हा या व्यूहाचा अर्धा भाग होता. घेतलेलं परत सुटं करता येणार नाही इतकं घट्ट बांधणं, हा उरलेला अर्धा.

रात्री ९.१०

फेसबुकची डेटा सेंटर जगभर पसरलेली आहेत आणि ती कंपनीच्या स्वतःच्या फायबरच्या जाळ्याने जोडलेली आहेत. त्याला बॅकबोन म्हणतात. या जाळ्याची क्षमता किती शिल्लक आहे, हे तपासण्यासाठी देखभालीदरम्यान एक आज्ञा दिली गेली. तिने तपासण्याऐवजी बॅकबोनवरच्या सगळ्या जोडण्या बंद केल्या.

अशी घातक आज्ञा अडवणारं एक तपासणी साधन कंपनीकडे होतं. त्या साधनातच दोष होता. आज्ञा पुढे गेली.

एवढ्यावर जगाला पत्ता लागला नसता असं नाही, पण पुढची कडी अधिक वाईट होती. आपण facebook हे नाव टाकतो तेव्हा ते नाव कोणत्या आकडी पत्त्याचं आहे, हे सांगणारे डीएनएस सर्व्हर लागतात. फेसबुकचे हे सर्व्हरही तिचे स्वतःचेच होते, जगभरच्या छोट्या केंद्रांत ठेवलेले. त्यांना एक नियम घालून दिला होता: डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपणच बिघडलोय असं समजायचं आणि ‘माझ्याकडे या’ ही बाहेरच्या जगाला दिलेली सूचना मागे घ्यायची. एखादं केंद्र आजारी पडलं तर वाहतूक दुसऱ्या निरोगी केंद्राकडे वळावी, यासाठी ही शहाणी सोय. त्या रात्री सगळ्या केंद्रांचा संपर्क एकदम तुटला आणि सगळ्यांनी एकदम सूचना मागे घेतली. सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता कोणालाच माहीत नव्हता. गाव जागेवर, घरं जागेवर, फाट्यावरची पाटी तेवढी काढून नेलेली.

९.२१

क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतःकडे बिघाडाची नोंद केली. फेसबुकचा पत्ता विचारला की उत्तर येईना, तेव्हा त्यांना आधी वाटलं की आपलीच डीएनएस सेवा बिघडली. सात मिनिटांत, ९.२८ ला, त्यांच्या लक्षात आलं की फेसबुकने आपल्या डीएनएसकडे जाणारे मार्ग जाहीर करणंच थांबवलंय. इंटरनेटवरची जाळी बीजीपी नावाच्या पद्धतीने एकमेकांना मार्ग सांगत असतात. त्या संभाषणात फेसबुकचा आवाज येईनासा झाला होता.

तोवर अब्जावधी फोन पुन्हा पुन्हा तोच पत्ता विचारू लागले. माणसं ॲप बंद करून उघडत होती, आणि ॲप तर स्वतःहूनही थांबत नाहीत. क्लाउडफ्लेअरच्या सेवेवर या विचारणा नेहमीच्या तीसपट झाल्या. ज्यांचा फेसबुकशी काही संबंध नव्हता अशा कंपन्यांच्या यंत्रणांवर हा बोजा पडला.

साडेनऊ ते अकरा

भारतात ही जेवणं आटोपल्यानंतरची वेळ. मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह, टिक येईना. घरोघरी पहिला संशय राउटरवर गेला, मग नेट पॅक संपला का याच्यावर. मग कोणीतरी साधा फोन लावला आणि पलीकडूनही तोच प्रश्न आला. ज्या ग्रुपवर एरवी ‘तुमचंही बंद आहे का’ असं विचारलं असतं तो ग्रुपच बंद होता.

फेसबुकला स्वतःच्या बंद पडण्याची बातमी द्यायला ट्विटरवर जावं लागलं. प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभं राहून दिलगिरी. ट्विटरने आपल्या खात्यावरून अक्षरशः सगळ्यांनाच नमस्कार घातला, आणि खाली येऊन उत्तर देणाऱ्यांत व्हॉट्सॲपचं अधिकृत खातंही होतं. लोक त्यावर हसले. मेन्लो पार्कमधल्या फेसबुकच्या मुख्यालयात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण बिघाड दुरुस्त करायची हत्यारंही त्याच जाळ्यावर होती. कर्मचाऱ्यांचं आपसातलं बोलणं ‘वर्कप्लेस’ या कंपनीच्याच सेवेवर चालायचं, ती गेली. दुरून सर्व्हर दुरुस्त करण्याची साधनं गेली. काही कार्यालयांत दार उघडणारी ओळखपत्रंही चालेनात, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या दिवशी दिलं.

दुसऱ्याच्या सेवेवर विसंबायचं नाही, हा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा अभिमानाचा नियम आहे. स्वतःची डेटा सेंटर, स्वतःची केबल, स्वतःचे नाव-सर्व्हर, स्वतःचं ऑफिसचं चॅट. प्रतिस्पर्ध्याला एक डॉलर द्यायचा नाही आणि एक माहितीही कळू द्यायची नाही. स्पर्धेत हे बळ असतं. त्या रात्री मात्र मदतीला हात घालायला बाहेरची एकही वस्तू कंपनीजवळ उरली नव्हती.

अकरा ते दीड

आता उपाय एकच: माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवायची. पण ही केंद्रं आत शिरायला अवघड अशीच बांधलेली असतात, आणि आत गेल्यावरही राउटरपाशी उभ्या माणसाला सहज काही बदलता येऊ नये अशी योजना असते. चोर, हेर, नाराज कर्मचारी या सगळ्यांना रोखणारी तटबंदी आता दुरुस्तीला आलेल्यांना रोखत होती. इन्फ्रास्ट्रक्चरचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या खुलाशात हे सरळ मान्य केलं आणि त्याचं समर्थनही केलं: रोजची सुरक्षा पक्की असावी, त्यासाठी असा दुर्मीळ बिघाड सुटायला वेळ लागला तरी तो सौदा परवडतो. अभियंता म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर असेल. पण या सौद्यात ज्यांचे तास गेले त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कंपनी संकटाच्या तालमी करत असे, त्यांना ‘स्टॉर्म’ म्हणत. एखादं डेटा सेंटर किंवा अख्खा प्रदेश मुद्दाम बंद करून बघायचा. सगळा बॅकबोन एकदम गेला तर काय, ही तालीम मात्र कधी झाली नव्हती.

या तासांत लोक कुठे गेले? टेलिग्रामचे पावेल ड्युरोव्ह यांनी नंतर सांगितलं की एका दिवसात सात कोटी नवे लोक आले. सिग्नलकडे लाखोंनी नोंदणी झाली. सिग्नलची गोष्ट मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन फेसबुकने दिलेल्या पैशांवर श्रीमंत झाले, मग जाहिरातींच्या धोरणावरून खटके उडून २०१७ मध्ये बाहेर पडले, आणि २०१८ मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलर घालून सिग्नल फाउंडेशन उभं केलं. स्पर्धा विकत घेण्यासाठी मोजलेल्या रकमेतला एक छोटा वाटा अशा रीतीने नव्या स्पर्धकाकडे वळला, म्हणून त्या रात्री लोकांना जायला एक दार होतं. नियामकांनी केलेली ती सोय नव्हती. एका माणसाच्या मनस्तापातून ती निर्माण झाली होती. आणि दार उघडं असून उपयोग किती? टेलिग्राम टाकता येतं, पण साताऱ्यातली मावशी, वर्गशिक्षिका आणि केटररला ऑर्डर देणारं गिऱ्हाईक तिथे नसेल तर ते ॲप रिकामंच. कंपनी लोकांना बांधून ठेवते ते याच जोरावर.

रात्री १.३०

न्यूयॉर्कचा बाजार बंद झाला. फेसबुकचा शेअर ४.९ टक्के खाली. सारा दोष बंद पडण्याचा नव्हता. हाउगेनची मुलाखत आणि त्या दिवसाची एकूण घसरणही त्यात होती. २०२० मधल्या सुमारे ८६ अब्ज डॉलरच्या उत्पन्नाचा हिशोब धरला तर कंपनीचे तासाला साधारण एक कोटी डॉलर बुडत होते. तिला ते जाणवण्यासारखं नव्हतं. ज्याच्या दिवसभराच्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरूनच येतात त्याच्या गल्ल्याची गोष्ट निराळी.

२.३०

बीजीपीच्या नोंदींत फेसबुकची हालचाल पुन्हा दिसू लागली. २.५० ला नाव विचारल्यावर पत्ता मिळाला. २.५८ ला कंपनी इंटरनेटशी पुन्हा जोडली गेल्याचं बाहेरच्यांना दिसलं.

तरी सगळं एकदम उघडता येत नव्हतं. डेटा सेंटरमधला विजेचा वापर कित्येक मेगावॉटने उतरला होता. एका झटक्यात अब्जावधी लोक परत आले असते तर विजेच्या यंत्रणेपासून माहितीच्या तात्पुरत्या साठ्यांपर्यंत (कॅश) काहीही कोलमडलं असतं. इथे त्या ‘स्टॉर्म’ तालमी कामी आल्या आणि सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. पहाटे उठलेल्यांच्या फोनवर रात्री अडकलेले मेसेज एकामागून एक उतरले.

त्यानंतरचे तास

मंगळवारी हाउगेनची साक्ष झाली. युरोपियन कमिशनच्या मार्ग्रेट व्हेस्टायर म्हणाल्या की मोजक्याच मोठ्या कंपन्यांवर विसंबून राहता येणार नाही, बाजारात पर्याय आणि अधिक स्पर्धक हवेत. झुकरबर्ग यांनीही त्याच दिवशी लिहिलं. किती लोक प्रतिस्पर्ध्यांकडे गेले किंवा किती पैसे बुडाले, यापेक्षा आपल्या सेवांवर विसंबणाऱ्यांचं काय झालं याची चिंता मोठी आहे, असा त्यांचा सूर होता. हे मनापासून लिहिलेलं असू शकतं. पण लोक एवढे विसंबून राहावेत हेच तर या व्यवसायाचं ध्येय होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीचं नाव मेटा झालं.

वॉशिंग्टनच्या त्या अर्जाचं पुढे काय झालं? जानेवारी २०२२ मध्ये बोसबर्ग यांनी तो फेटाळून खटला पुढे नेला, एप्रिल २०२५ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल मेटाच्या बाजूने लागला. टिकटॉक आणि यूट्यूब धरले तर कंपनीची आज मक्तेदारी उरत नाही, असं न्यायालयाला वाटलं. व्हिडिओ बघण्यात वेळ घालवायचा असेल तर हे खरं आहे. ऑक्टोबरच्या त्या रात्री भारतात जे अडलं ते व्हिडिओ नव्हते, निरोप होते, आणि निरोपांसाठी टिकटॉक कोणाच्या उपयोगाचं नसतं. भारताच्या स्पर्धा आयोगाने बाजाराकडे निराळ्या बाजूने पाहिलं. स्मार्टफोनवरून मेसेज पाठवण्याचा बाजार वेगळा धरून, तिथे मेटाचं वर्चस्व आहे असं ठरवून, व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी धोरणाबद्दल आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला.

युरोपने मार्च २०२४ पासून आणखी एक पाऊल टाकलंय. दुसऱ्या मेसेजिंग सेवांनी मागणी केली तर व्हॉट्सॲपला त्यांच्याशी जोडून घ्यावं लागतं, म्हणजे दुसऱ्या ॲपवरून व्हॉट्सॲपवरच्या माणसाला निरोप जाऊ शकेल. भारतात असं बंधन नाही. ते असतं तरी बॅकबोन तुटायचा थांबला नसता, आणि व्हॉट्सॲपवरची माणसं त्या सहा तासांत तशीच अडकली असती. पण मावशी एका ॲपवर, शाळा दुसऱ्यावर, दुकानदार तिसऱ्यावर राहूनही सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं चालू शकलं असतं, तर ५३ कोटी माणसं एकाच आज्ञेच्या टप्प्यात जमा झाली नसती. हे बंधन जगातल्या सर्वांत मोठ्या व्हॉट्सॲप बाजाराने अजून का घातलेलं नाही, हे दिल्लीला विचारायला हवं.